मेयमंद कुठे आहे आणि तिथे किती माणसे राहतात?

इराणमधील एखाद्या लहान खेड्याची माहिती शोधू लागले की बहुतेक वेळा दोनच वाक्ये हाती येतात. पहिल्या वाक्यात पत्ता असतो: हे गाव अमुक देहेस्तानातील, अमुक बख्शातील, अमुक शहरेस्तानातील आणि अमुक प्रांतातील (ही इराणच्या लहानमोठ्या प्रशासकीय विभागांची नावे, त्यांचा अर्थ पुढे येईल). दुसऱ्या वाक्यात आकडा असतो: अमुक सालच्या जनगणनेत येथे इतके लोक आणि इतकी कुटुंबे होती. हजारो खेड्यांबद्दल जगाला उपलब्ध असलेली माहिती एवढ्यावरच संपते. ही वाक्ये कोरडी वाटतात, पण त्यांतील प्रत्येक शब्दामागे एखादा कायदा, एखादी मोजणीची पद्धत आणि पुष्कळदा पाण्याचा एखादा प्रश्न उभा असतो. ती वाक्ये नीट वाचायची कशी, हे केरमान प्रांतातील मेयमंद या फारसी भाषक खेड्याच्या आधारे येथे समजावून घ्यायचे आहे. हेच गाव निवडण्याचे कारण असे की तेथील लोक परंपरेने वर्षाच्या तीन भागांत तीन निरनिराळ्या ठिकाणी राहत आले आहेत. त्यामुळे गाव कुठे आहे आणि त्यात किती माणसे आहेत, हे दोन्ही प्रश्न तिथे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

आधी भूगोल पाहू. इराणचा मध्यभाग म्हणजे डोंगररांगांनी वेढलेले उंच आणि कोरडे पठार. या पठारावरील मध्यवर्ती पर्वतरांगा जिथे दक्षिणेकडे संपत येतात, तिथे एका दरीच्या टोकाशी मेयमंद वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 2,200 मीटर आहे. जवळचे शहर म्हणजे शहर-ए-बाबक. ते मेयमंदच्या नैर्ऋत्येला सुमारे 36 किलोमीटरवर असून 2016 साली त्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. नकाशावर शोधायचे झाल्यास 30 अंश उत्तर अक्षांश आणि 55 अंश पूर्व रेखांश यांच्या थोडे पुढे बोट ठेवावे. एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला डोंगर असल्यामुळे येथील उन्हाळा कडक, हिवाळा बोचरा आणि पाऊस अतिशय कमी असतो.

केरमान हा क्षेत्रफळाने इराणमधील सर्वांत मोठा प्रांत आहे. त्याचे क्षेत्रफळ 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून बरेच अधिक. मात्र 2016 च्या जनगणनेत या संपूर्ण प्रांताची लोकसंख्या साधारण 31 लाख 60 हजार होती. एका चौरस किलोमीटरला सरासरी 17 माणसे असा त्याचा हिशेब होतो, तर महाराष्ट्रात 2011 साली हाच आकडा 365 होता. आपल्याकडे एका गावाची शीव संपते तिथे दुसऱ्या गावाची सुरू होते. केरमानमध्ये दोन गावांच्या मध्ये मैलोन्मैल माणूस नसतो. गाव कुठे असेल हे तिथे जमिनीवरून ठरत नाही, पाण्यावरून ठरते.

हे पाणी पुष्कळ ठिकाणी कनातीतून येते. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भूजल सापडते तिथे एक खोल विहीर खणायची, तिच्या तळापासून गावाच्या दिशेने अगदी हलक्या उताराचे भुयार न्यायचे आणि त्या भुयारावर ठरावीक अंतराने उभे झरोके ठेवायचे, अशी ही रचना आहे. पंप लागत नाही, पाणी आपल्या ओढीने वाहत येते आणि उन्हात आटतही नाही. भुयार जिथे जमिनीच्या पातळीला येऊन उघडते तिथे शेती सुरू होते, आणि शेती जिथे सुरू होते तिथे गाव वसते. इराणच्या अशा 11 कनाती 2016 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत घेतल्या गेल्या. नव्याने पाणी आणून वसवलेल्या वस्तीला, ज्याने खर्च केला त्याच्या किंवा एखाद्या आदरणीय व्यक्तीच्या नावापुढे आबाद जोडून ओळखण्याची रीत इराणभर आहे. म्हणूनच तिथे अलीआबाद, हुसैनाबाद, हसनाबाद आणि मोहम्मदाबाद ही नावे इतक्या वेळा येतात की नुसत्या नावावरून गाव सापडणे अशक्य होते. पत्त्याची लांबलचक साखळी लागते ती यासाठी.

ही साखळी वरून खाली अशी उतरते. इराणमध्ये 31 ओस्तान आहेत. ओस्तान म्हणजे प्रांत, आणि त्याचा प्रमुख ओस्तानदार. प्रांताचे भाग म्हणजे शहरेस्तान, ज्यांना आपण साधारणपणे जिल्हा म्हणू शकतो. त्याचा प्रमुख फरमानदार. शहरेस्तानाचे भाग म्हणजे बख्श, आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारे. त्याचा प्रमुख बख्शदार. बख्शाखाली देहेस्तान येते. देहेस्तान हे गाव नसून आजूबाजूच्या अनेक गावांचा गट असतो, आणि महाराष्ट्रातील महसूल मंडळ डोळ्यांपुढे आणले तर त्याची कल्पना येते. सर्वांत खाली प्रत्यक्ष गाव, म्हणजे देह किंवा रूस्ता. गावाचा रोजचा कारभार पाहणारे दहयारी नावाचे कार्यालय असते, आणि 1999 पासून गावोगावच्या शूरांच्या, म्हणजे ग्रामपरिषदांच्या, निवडणुका होतात.

या साखळीत मेयमंदचा पत्ता असा लिहिला जातो: मेयमंद देहेस्तान, मरकजी बख्श, शहर-ए-बाबक शहरेस्तान, केरमान ओस्तान. यातील मरकजी या शब्दापाशी पुष्कळ वाचक अडखळतात आणि ते एखाद्या ठिकाणाचे नाव आहे असे समजतात. मरकजी म्हणजे मध्यवर्ती. ज्या बख्शात शहरेस्तानाचे मुख्य शहर असते त्याला मरकजी बख्श म्हणतात, त्यामुळे इराणमध्ये जितके शहरेस्तान जवळजवळ तितकेच मरकजी बख्श आहेत. गोंधळात भर म्हणजे मरकजी नावाचा एक स्वतंत्र प्रांतही आहे, ज्याचे मुख्य शहर अराक. तेव्हा एखाद्या गावाच्या पत्त्यात मरकजी दिसले तर ते बख्शाचे आहे की प्रांताचे, हे आधी पाहावे.

दुसरा गोंधळ अधिक नुकसान करणारा आहे. मेयमंद हे गावाचे नाव आहे आणि ते ज्या देहेस्तानात आहे त्याचेही नाव मेयमंदच आहे. देहेस्तानात अनेक गावे आणि वाड्या येतात, त्यामुळे मेयमंद देहेस्तानाची लोकसंख्या आणि मेयमंद गावाची लोकसंख्या हे दोन अगदी वेगळे आकडे आहेत. घाईघाईत एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला तर गाव कागदावर कितीतरी पटींनी फुगते. शिवाय फार्स प्रांतात मेयमंद नावाचे एक शहर आहे, जे गुलाबपाण्यासाठी प्रसिद्ध आहे. गझनीच्या महमूदाचा वजीर अहमद बिन हसन मेयमंदी हा ज्या मेयमंदचा होता ते तर आजच्या अफगाणिस्तानातील. तिन्ही ठिकाणे फारसीच्या जगातली आणि तिन्ही एकाच नावाची, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

नावाच्या लेखनाचाही येथे वाटा आहे. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे वाचणारा स्थानिक उच्चार जाणत नसेल तर तो अंदाजाने स्वर भरतो. परदेशी नकाशांत एकाच गावाची चार-पाच रूपे आढळतात ती यामुळे. मेयमंद, मैमंद आणि मायमंद ही तिन्ही रूपे केरमानमधील याच गावासाठी वापरलेली दिसतात. देवनागरीत स्वर स्पष्ट लिहावे लागत असल्याने आपल्याला त्यांतील एक निवडून त्यावर ठाम राहावे लागते.

पत्ता कायमचा असतो असेही नाही. खुरासान हा एकच विशाल प्रांत होता. 2004 साली त्याचे तीन प्रांत झाले. तेहरान प्रांतातून 2010 साली अल्बुर्ज प्रांत वेगळा काढण्यात आला. त्या प्रदेशांतील हजारो गावे जागची हलली नाहीत, पण त्यांचा प्रांत बदलला. शहरेस्तान, बख्श आणि देहेस्तान यांच्या पातळीवर तर असे फेरफार वरचेवर होत असतात. म्हणून 2006 च्या तक्त्यात एका देहेस्तानात असलेले गाव 2016 च्या तक्त्यात दुसऱ्याच देहेस्तानात सापडू शकते, आणि दोन सालांची तुलना करणाऱ्याला ते नाहीसेच झाले असे वाटू शकते.

आता आकड्याकडे वळू. इराणची पहिली राष्ट्रीय जनगणना 1956 साली झाली. त्यानंतर 1966, 1976, 1986, 1996 आणि 2006 अशी दर दहा वर्षांनी जनगणना होत राहिली, आणि पुढे हे अंतर पाच वर्षांवर आणल्यामुळे 2011 आणि 2016 साली झाली. इराणी दिनदर्शिकेनुसार 2006, 2011 आणि 2016 ही साले 1385, 1390 आणि 1395 अशी येतात; फारसी तक्ते पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. 2016 साली ऑनलाइन नोंदणीची सोय प्रथमच देण्यात आली. 2021 साली अपेक्षित असलेली जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, जशी ती भारतातही झाली नाही, त्यामुळे इराणी खेड्यांबद्दल आज जे आकडे वापरले जातात ते बहुतेक 2016 चे किंवा त्याहून जुने आहेत.

या जनगणनेत मोजणीचा घटक असतो खानवार. आपण त्याचे भाषांतर कुटुंब असे करतो, पण एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसे असा त्याचा अर्थ घ्यावा. तीन भाऊ एकाच वाड्यात वेगवेगळ्या चुली मांडून राहत असतील तर ते तीन खानवार, आणि एकटी राहणारी विधवा हाही एक खानवार. आकड्यांच्या जोडीतून गावाची प्रकृती कळते ती येथे. नतन्झ शहरेस्तानातील अब्याने या लाल मातीच्या प्रसिद्ध गावात 2006 साली 305 माणसे आणि 160 कुटुंबे नोंदली गेली. भागाकार केला तर एका घरात दोनही माणसे येत नाहीत, आणि त्याच जनगणनेत देशाची सरासरी मात्र चारच्या आसपास होती. नुसता 305 हा आकडा आपल्याला गाव लहान आहे एवढेच सांगतो. 160 हा दुसरा आकडा सांगतो की तिथे म्हातारी जोडपी आणि एकटी माणसे उरली आहेत आणि तरुण मंडळी तेहरानसारख्या शहरांत गेली आहेत. मला विचाराल तर खेड्यांच्या तक्त्यात लोकसंख्येच्या रकान्यापेक्षा कुटुंबांचा रकाना अधिक बोलका असतो, आणि तोच बहुतेक जण वगळतात. (अब्यानेची बोली मात्र फारसीहून वेगळी, मध्य इराणी गटातली आहे, फारसी भाषक खेड्याचे उदाहरण म्हणून ते देता येणार नाही.)

मेयमंदसाठी 2006 चा आकडा सुमारे 670 माणसे आणि 180 च्या आसपास कुटुंबे असा मिळतो. म्हणजे एका घरात पावणेचारच्या जवळ माणसे. देशाच्या सरासरीहून किंचित कमी, पण अब्यानेसारखी रिकामी घरे दाखवणारी नव्हे. एवढे वाचून हे एक मध्यम आकाराचे, बऱ्यापैकी भरलेले गाव आहे असा समज होतो. मात्र मेयमंदला भेट देणाऱ्यांची वर्णने वाचली तर बारा महिने तिथे राहणारी माणसे शंभर-दीडशेच असल्याचे वारंवार आढळते. या दोन आकड्यांमधील अंतर कोणाच्या चुकीतून आलेले नाही. ते समजण्यासाठी मेयमंदचे वर्ष कसे फिरते ते पाहावे लागते.

हिवाळा संपत आला की मेयमंदचे मेंढपाळ आपली शेळ्यामेंढ्यांची खिल्लारे घेऊन मोकळ्या कुरणांकडे जातात. तिथल्या वस्त्यांना सर-ए-आगोल म्हणतात. आगोल म्हणजे मेंढवाडा. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम येथे असतो. निवाऱ्यांपैकी काही जमिनीत अर्धे उतरवलेले, रचीव दगडांच्या बुटक्या भिंतींचे आणि वर लाकूड व काटेरी झुडपांचे छप्पर घातलेले असतात, कारण उघड्या कुरणावर वाऱ्याचा आडोसा ही पहिली गरज असते. उन्हाळा तापू लागला की मंडळी हंगामी ओढ्यांच्या काठी असलेल्या सर-ए-बाग या वस्त्यांवर जातात आणि शरद ऋतूच्या सुरुवातीपर्यंत तिथली बागायत आणि जनावरे सांभाळतात. थंडी पडू लागली की सगळे दरीत खाली, कोरलेल्या घरांच्या मुख्य गावात परततात. परदेशी पाहुण्यांना ज्या मेयमंदचे छायाचित्र माहीत असते ते हे तिसरे, हिवाळी मेयमंद.

या हिवाळी गावाची घरे बांधलेली नाहीत. ती टेकडीच्या मऊ खडकात आडवी कोरत नेलेली आहेत. आधी उतारात एक अरुंद, उघडी वाट कापतात, तिला किचे म्हणतात, आणि या वाटेच्या दोन्ही अंगांना व टोकाला खोल्यांची दारे निघतात. एका किचेतून एक किंवा अनेक घरांत जाता येते. अशी सुमारे 400 घरे कोरली गेली होती आणि त्यांपैकी सव्वाशेच्या जवळपास आज शाबूत आहेत. आत गेले की सर्वप्रथम नजरेत भरतो तो काळा रंग: पिढ्यान्‌पिढ्या खोलीच्या मध्यभागी पेटलेल्या शेगडीच्या धुराने छत आणि भिंती काजळून गेलेल्या असतात. भिंतीत कोनाडे कोरलेले असतात, त्यांत भांडी आणि दिवे ठेवतात. खडकाच्या जाडीमुळे बाहेर बर्फ असताना आत ऊब टिकते. मशीद आणि हमामखानाही असेच खडकात कोरलेले आहेत.

आता जनगणनेची वेळ आठवावी. अलीकडच्या तिन्ही जनगणना शरद ऋतूत, म्हणजे इराणी दिनदर्शिकेतील मेहर आणि आबान या महिन्यांच्या सुमारास, साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात झाल्या. मेयमंदमध्ये सर-ए-बाग सोडून कोरलेल्या घरांकडे यायचा काळ हाच. गणक ज्या आठवड्यात दारात उभा राहतो त्यानुसार एखादे कुटुंब बागेत सापडेल, वाटेत सापडेल किंवा किचेच्या आत सापडेल. म्हणून जनगणनेचे नियम असे असतात की माणूस त्या दिवशी कुठे होता हे न विचारता त्याचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण कोणते, हे विचारून त्याची नोंद करावी. मेयमंदसारख्या गावात या प्रश्नाचे उत्तर देणारा मनाशी ठरवतो की आपले गाव कोणते, आणि तो मेयमंद असे सांगतो, मग तो वर्षातील चारच महिने तिथल्या खडकातील घरात राहत असला तरी. मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराची नोंद कारखान्याच्या फडावर करायची की बीडमधील त्याच्या गावी, हा प्रश्न ज्यांना कळतो त्यांना हेही सहज कळेल.

भटक्या टोळ्यांसाठी इराणने वेगळी व्यवस्था केली. स्थलांतर करणाऱ्या पशुपालक टोळ्यांची स्वतंत्र गणना 1987, 1998 आणि 2008 साली घेण्यात आली, कारण बख्तियारी किंवा कश्काई लोकांना एखाद्या गावाच्या नावाखाली घालणे शक्य नव्हते. मेयमंदचे लोक या दोन्ही चौकटींच्या मधोमध पडतात. ते पूर्णपणे भटके नाहीत, कारण त्यांच्याकडे कोरीव घरे, बागा आणि ठरलेली कुरणे आहेत. आणि पूर्णपणे स्थायिकही नाहीत. शास्त्रीय भाषेत त्यांना निमभटके शेतकरी-पशुपालक म्हणतात. तक्त्याला मात्र गाव हा एकच बिंदू ठाऊक असतो.

युनेस्कोने हा प्रश्न अधिक समजूतदारपणे हाताळला असे मला वाटते. 2005 साली सांस्कृतिक भूदृश्यांच्या जतनासाठी दिला जाणारा मेलिना मर्कुरी पुरस्कार मेयमंदला मिळाला होता. 2015 साली जर्मनीतील बॉन येथे झालेल्या बैठकीत मेयमंदला जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा ते कोरीव घरांचे गाव म्हणून नव्हे, तर मेयमंदचे सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. नोंदवलेले क्षेत्र सुमारे 5,000 हेक्टर आहे. त्यात खालचे गाव, वरची कुरणे, ओढ्याकाठच्या बागा आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा येतात. माणसे जिथे जिथे राहतात ते सगळे मिळून एक गाव, असे या नोंदीने मान्य केले.

गाव म्हणजे काय याची इराणी कायद्याची व्याख्याही जाणून घेण्यासारखी आहे. 1983 च्या प्रशासकीय विभागणीच्या कायद्यानुसार कायम वस्तीची किमान 20 कुटुंबे किंवा 100 माणसे असलेल्या ठिकाणाला गाव मानले जाते. याउलट जनगणना ज्या घटकाची यादी करते त्याला आबादी म्हणतात आणि तिच्यासाठी अशी अट नाही: एखादे एकाकी शेत, पंपघर, मेंढपाळांचा तळ किंवा कारखान्याची वसाहत ही सगळी आबादी म्हणून नोंदली जाऊ शकते. वस्ती असलेल्या अशा आबाद्या इराणमध्ये साठ हजारांहून अधिक आहेत आणि वस्ती नसलेल्याही हजारो आहेत. मोजकीच कुटुंबे उरलेल्या आबादीचा आकडा प्रसिद्धच करत नाहीत, कारण दोन-तीन घरांची माहिती छापणे म्हणजे त्या माणसांची खासगी माहिती उघड करणे. त्यामुळे तक्त्यात आकड्याच्या जागी खूण दिसली तर गाव ओस पडले असा निष्कर्ष काढू नये.

गाव वाढत जाऊन शहर ठरते तेव्हाही आकडे दिशाभूल करतात. इराणमध्ये बख्शाचे मुख्य ठिकाण असलेले गाव लोकसंख्या कमी असूनही शहर म्हणून घोषित होऊ शकते. 1956 साली देशात सुमारे 200 शहरे होती, 2016 पर्यंत ती 1,200 च्या वर गेली. यातील अनेक शहरे म्हणजे कालपर्यंतची खेडीच. 1956 साली इराणच्या 1 कोटी 90 लाख लोकांपैकी जवळजवळ 69 टक्के खेड्यांत राहत होते. 2016 साली सुमारे 8 कोटी लोकांपैकी खेड्यांत राहणारे 26 टक्के उरले. टक्का इतका घसरला तरी खेड्यांतील माणसांची संख्या त्या काळात कमी झाली नाही, उलट 1 कोटी 30 लाखांवरून 1996 पर्यंत 2 कोटी 30 लाखांवर गेली आणि मग हळूहळू 2016 साली 2 कोटी 7 लाखांवर आली. शहरे त्याहून फार वेगाने वाढली, आणि काही खेडी माणसांसह शहरांच्या रकान्यात सरकली. मेयमंदच्या परिसरातही हे आकर्षण आहे: शहर-ए-बाबक जवळ आहे आणि त्याच शहरेस्तानात मीदूकची मोठी तांब्याची खाण आहे, जिथला पगार कोरड्या वर्षातील कळपापेक्षा खात्रीचा असतो.

आणखी एक शब्द उरला: फारसी भाषक. हा शब्द जनगणनेतून येत नाही. भारताच्या जनगणनेत मातृभाषेचा प्रश्न असतो, त्यामुळे महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्यात मराठी, कोकणी किंवा गोंडी बोलणारे किती हे सांगता येते. इराणच्या अलीकडच्या जनगणनांत मातृभाषेचे असे तक्ते नाहीत. एखादे गाव फारसी, लुरी, तुर्की की बलुची बोलते हे भाषाशास्त्रज्ञांच्या आणि प्रवाशांच्या नोंदींवरून ठरवले जाते. केरमान प्रांतात बहुसंख्य लोक फारसीच्या स्थानिक बोली बोलतात आणि मेयमंद त्यांतलेच आहे. अफगाणिस्तानातील फारसी भाषक, म्हणजे दरी बोलणाऱ्या, खेड्यांची स्थिती याहून कठीण आहे. तिथे 1979 साली एकदाच जनगणना सुरू झाली आणि युद्धामुळे तीही अपुरी राहिली, त्यामुळे एखाद्या खेड्याचा आकडा म्हणून जे काही सांगितले जाते तो अंदाज असतो. ताजिकिस्तानात मात्र सोव्हिएत काळापासून मोजणीची परंपरा आहे आणि 2000, 2010 व 2020 साली तिथे जनगणना झाल्या. भाषा एकच, पण खेड्याबद्दल काय माहीत आहे हे देशाच्या कागदपत्रांवर अवलंबून.

इराणची राष्ट्रीय जनगणना सुरू होण्याच्या शंभर वर्षे आधी तिथल्या एका समाजाची गावोगाव मोजणी झाली होती, आणि ती मोजणी करणारा माणूस मुंबईहून गेला होता. मुंबईच्या पारशी समाजाने इराणमधील धर्मबांधवांच्या मदतीसाठी स्थापन केलेल्या संस्थेने माणेकजी लिमजी हातारिया यांना 1854 साली तिकडे पाठवले. यझ्द, केरमान आणि आसपासच्या खेड्यांत फिरून त्यांनी झरतुष्ट्री लोक मोजले, आणि त्यांना आठ हजारांहूनही कमी माणसे आढळली. या लोकांवर जिझिया कर होता, आणि तो उठवण्यासाठी चाललेल्या दीर्घ प्रयत्नांत हा नेमका आकडा हाती असणे महत्त्वाचे होते. 1882 साली शहा नासिरुद्दीनने तो कर रद्द केला. मुंबई आणि पुण्यातील झरतुष्ट्री इराणी कुटुंबांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्याच यझ्द आणि केरमान भागातील खेड्यांतून आलेले आहेत. पूर्वजांचे गाव शोधणाऱ्या या कुटुंबांना पत्त्याची ही साखळी, एकाच नावाची अनेक गावे आणि बदललेले शहरेस्तान यांना प्रत्यक्षात सामोरे जावे लागते.

मेयमंदचा पुढचा आकडा येईल तेव्हा तो कमी झालेला असो वा वाढलेला, त्यासोबत आणखी एक गोष्ट मोजली जावी असे मला मनापासून वाटते: किती कुटुंबे अजून तिन्ही ठिकाणी फिरतात. दुष्काळाच्या वर्षांत कुरणे करपली की कळप विकले जातात, आणि कळप गेला की सर-ए-आगोलला जाण्याचे कारण उरत नाही. त्याच वेळी पर्यटकांसाठी कोरीव घरांत पाहुण्यांच्या खोल्या होतात आणि त्या चालवणारे कुटुंब बाराही महिने खालीच राहू लागते. तक्त्यात अशा कुटुंबाची नोंद मेयमंदचा कायम रहिवासी म्हणून होईल आणि गाव भरल्यासारखे दिसेल. वरची कुरणे आणि ओढ्याकाठच्या बागा मात्र त्या तक्त्यात कधीच नव्हत्या, त्यामुळे त्या रिकाम्या झाल्या तरी तिथला कोणताही आकडा बदलणार नाही.